गाडी मुलाला, रेडिएटर मुलीला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मोटार चालवायला शिकवणे (आता बंद), राहणार याच घरात आणि बराच वेळ पुढच्या व्हरांड्यात, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती इतकी चांगली आहे की तिचा पुष्कळांना त्रास होतो. उजव्या कानात ऐकण्याचे यंत्र आहे, पण डावा कान शाबूत असून तो मला हवे तेव्हा चालतो. हे लिहिताना मी चहाखेरीज काहीही घेतलेले नाही.

वकीलसाहेबांनी मला एक छापील नमुना आणून दिला होता. त्यात मालमत्तेसाठी भरपूर ओळी होत्या आणि मनस्तापासाठी एकही नव्हती, म्हणून तो परत केला. हे वकीलसाहेब माझेच विद्यार्थी. क्लच सोडताना ते अजून डोळे मिटतात, पण कायदा चांगला जाणतात. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्रात वस्तू लिहाव्यात, राग लिहू नयेत. माझे म्हणणे, स्वकष्टार्जित मालमत्तेत माणसाने स्वतः कमावलेले सगळे येते, आणि माझे राग मी फार कष्टाने कमावले आहेत. शेवटी त्यांनी लिहिण्याचे काम माझ्यावर सोडले आणि कायद्याचे शब्द तेवढे आपण पुरवू असे कबूल केले.

राहते घर आणि बँकेतली ठेव यांची सोय माझे यजमान हयात असतानाच झाली असून दोन्हीवर मुलगा आणि मुलगी यांची नावे आधीच लागलेली आहेत. त्यावरून दोघांचे काही भांडण नाही. भांडणासाठी त्यांनी दुसरी जागा शोधली. ती आता येतेच आहे.

कलम पहिले. माझ्या मालकीची एक जुनी मोटार आहे. वयाने ती मुलापेक्षा लहान आणि मुलीपेक्षा मोठी, म्हणजे घरातले मधले अपत्य. रंग एकेकाळी निळा होता. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे, आणि त्या ब्रेकने या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा जीव वाचवला आहे. त्याबद्दल कोणी आभार मानल्याचे मला आठवत नाही. सदर मोटार, तिची कागदपत्रे, दोन्ही किल्ल्या, जॅक आणि जादा चाक यांसह, परंतु रेडिएटर सोडून, मी माझ्या मुलाला देते.

कलम दुसरे. सदर मोटारीचा रेडिएटर, त्याची टोपी, वरचा आणि खालचा रबरी पाइप आणि पाइपांच्या क्लिपा यांसह, मी माझ्या मुलीला देते.

इथे वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “बाई, रेडिएटरशिवाय गाडी चालत नाही.”

“आणि गाडीशिवाय रेडिएटर?”

“तोही काही कामाचा नाही.”

“मग बरोबर लिहिलंय,” मी म्हणाले. “समोर बघून चालवा.”

हे वाक्य मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना ऐकवत आले. त्यावर पुढे बोलायचे नसते, हे वकीलसाहेबांना ठाऊक आहे.

आता यामागची हकीकत, म्हणजे उद्या एखाद्या न्यायाधीशाला वाटायला नको की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती.

माझे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होते. पाणी कुठे अडले की त्यांना जेवण जात नसे. गाडीवर धंदा माझा चालायचा, पण तिच्या पाण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ते रेडिएटर धुवायचे, आणि त्या कामाला दोन्ही मुलांना जुंपायचे. रेडिएटर रिकामा करून पुन्हा भरला की आत हवा अडकून राहते. ती काढायला टोपी उघडी ठेवून थंड इंजिन सुरू करायचे, हीटर लावायचा, आणि वरचा पाइप हाताने दाबत दाबत बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे. पातळी खाली गेली की वरून ओतायचे. एकाने स्टिअरिंगपाशी बसून ॲक्सिलरेटर सांभाळायचा, दुसऱ्याने रेडिएटरच्या तोंडाशी उभे राहायचे. बॉनेट वर असते, त्यामुळे बसलेल्याला तापमानाचा काटा दिसतो पण पाणी दिसत नाही, आणि उभ्या असलेल्याला पाणी दिसते पण काटा दिसत नाही. दोघांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय हे काम होतच नाही. मुले लहान होती तेव्हा दोघेही बापाकडे तक्रार घेऊन जायची. त्यांचे उत्तर ठरलेले होते: “मला नका सांगू, एकमेकांना सांगा.”

ते गेले, त्या वर्षी खालच्या पाइपाची क्लिप सैल झाली होती आणि पाणी थोडे थोडे कमी होत होते. मुलाच्या ते लक्षात आले. आईला आधीच दुःख कमी आहे का, असा विचार करून त्याने मला न सांगता बाबा वापरायचे ते हिरवे कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये पाण्याच्या जागी घालायचे रसायन, आणले आणि सकाळी कामावर जाताना गुपचूप ओतू लागला. मुलीच्याही ते लक्षात आले. तिनेही तोच विचार केला, आणि दुकानदाराने फार वर्षे टिकणारे म्हणून सांगितलेले लाल कूलंट आणून संध्याकाळी गुपचूप ओतू लागली. दोघांचेही कूलंट उत्तम होते. पण ते दोन वेगळ्या जातीचे होते, आणि एकत्र आले की त्यांचा घट्ट लगदा होतो. दोन भावंडांनी एकाच गाडीवर चोरून इतकी माया केली की तिचा गळा चोंदला.

हे कळले ते मुलीच्या लग्नाच्या दिवशी. लग्न नोंदणी कचेरीत होते, मुलगा साक्षीदार म्हणून सही करणार होता आणि गाडी तोच चालवत होता. मी आणि मुलगी मागे बसलो होतो. अर्ध्या रस्त्यात काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. पलीकडे नवरामुलगा ताटकळलेला, नोंदणी अधिकारी जेवायला उठण्याच्या बेतात. शेवटी बर्फाची गाडी हात दाखवून थांबवली, नवरीला आणि मला बर्फवाल्याने पुढे बसवले, आणि गाडी सोडून यायचे नाही म्हणून मुलगा तिथेच राहिला. मुलीने ओल्या पदराने लग्नाची सही केली. भावाच्या जागी साक्षीदार म्हणून बर्फवाल्याने सही केली. माणूस चांगला होता, अक्षरही चांगले होते, पण तो तिचा भाऊ नव्हता.

नंतर मिस्त्रीने खालची तोटी उघडली तेव्हा पाण्याऐवजी तपकिरी, डिंकासारखा चिकट गाळ आला. मुलगा म्हणाला, लाल कोणी घातले? मुलगी म्हणाली, हिरवे कोणी घातले? ती म्हणाली, तुझ्यामुळे माझ्या लग्नाला माझा भाऊ नव्हता. तो म्हणाला, तुझ्यामुळे बाबांची गाडी गेली. त्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून एक शनिवारी येतो, दुसरी रविवारी येते. दोघांचे माझ्यावर प्रेम आहे, दोघे माझ्या औषधांची चौकशी करतात, आणि दोघेही निघताना म्हणतात, “त्याला सांग”, “तिला सांग”. मी म्हणजे या घरातली पोस्टमन झाले आहे. मला दोघे एका दिवशी, एका टेबलाशी बसलेले हवे आहेत. दुसरे काही नको. पहिले आणि दुसरे कलम त्यासाठी आहे. मी गेल्यावर एकाकडे गाडी आणि दुसरीकडे तिचा घसा राहील, मग बघू किती दिवस बोलत नाहीत.

कलम तिसरे. गाडी आणि रेडिएटर ज्यांना मिळतील त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. गरम रेडिएटरची टोपी कधीही उघडू नये. हात लावून बघायचा मोह आवरत नसेल तर तोंड धुवायला जावे, तेवढ्यात थोडे थंड होते आणि अक्कलही येते, आणि मग पुन्हा एकदा तोंड धुवावे. पाणी उतरत असेल तर रेडिएटरला नावे ठेवण्याआधी टोपीचे रबर आणि पाइपांच्या क्लिपा बघाव्यात. पाइप थंड असताना दाबून बघावेत. पोचट लागले किंवा कुरकुरले तर बदलावेत. नळाचे पाणी घालू नये, त्याचे क्षार नळ्यांत बसतात. पुढच्या जाळीत अडकलेले किडे जुन्या कंगव्याने अलगद काढावेत, आणि तो कंगवा परत डोक्याला लावू नये. जुने कूलंट घमेल्यात काढले की त्यावर लगेच झाकण ठेवावे. ते चवीला गोड असते आणि जनावराचा त्याने जीव जातो. आमची मांजर गोडघाशी आहे. आणि एका वेळी एकच कूलंट घालावे. रंगावर जाऊ नये, डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. वाचता येत नसेल तर एकमेकांना विचारावे.

कलम चौथे. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री, ज्यांना सगळी गल्ली ‘उद्या’ म्हणते. यांनी नवा रेडिएटर बसवायचे मला सहा वर्षांपूर्वी कबूल केले. कधी, असे विचारले की ते नाव सांगितल्यासारखे उत्तर देतात. मधल्या काळात त्यांनी जुनाच रेडिएटर उलट्या बाजूने पाणी मारून धुतला, दोन जागी कथलाने झाळून दिला, आणि त्यावर मी भाजीपर्यंत आणि परत एवढीच गाडी चालवते, तीही सकाळच्या गारव्यात. हाताला गुण आहे, जिभेला नाही. त्यांना मी माझा मोठा पाना देते. तो त्यांच्याकडेच आहे. माझ्या यजमानांनी तो त्यांना एका दिवसासाठी दिला होता.

कलम पाचवे. माझे दीर, म्हणजे आमचे भाऊजी. यांच्याइतका प्रेमळ आणि उपद्रवी माणूस मी पाहिला नाही. एकदा सहलीला जाताना रेडिएटर ठिबकू लागला, तेव्हा कोणीतरी सांगितलेला उपाय म्हणून यांनी त्यात अंडी फोडून घातली. गरम पाण्यात अंडे शिजते आणि भोक बुजते, असा त्यामागचा विचार होता. भोक बुजले. त्याबरोबर निम्म्या नळ्या बुजल्या आणि हीटरही बुजला, आणि तो सगळा उन्हाळा माझे विद्यार्थी गाडीत बसले की त्यांना भूक लागायची. वर हे मला विचारतात, “वहिनी, अजून ठिबकतंय का?” त्यांना मी ते नरसाळे देते, ज्यातून त्यांनी अंडी ओतली. शिवाय माफी देते. माफी आजपासून लागू. नरसाळे मी गेल्यावर.

कलम सहावे. शेजारचे रिव्हर्सकाका. गाडी पुढे चालवायला त्यांना मी शिकवले, मागे न्यायला ते स्वतः शिकले, आणि त्याची खूण आमच्या फाटकाच्या खांबावर आहे. तरी वर्षानुवर्षे भिंतीवरून मान काढून मलाच सांगतात, “आजी, भंगारात द्या हो ती गाडी.” ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत, आणि मला आजी म्हणतात. त्यांना मी ड्रायव्हिंग स्कूलची ‘शिकाऊ’ अशी लाल पाटी देते. ती त्यांनी मागच्या काचेला लावावी, म्हणजे लोक आपोआप बाजूला होतील.

कलम सातवे. वकीलसाहेबांना माझी ड्रायव्हिंगची उशी. ते उंचीने बेताचे आहेत आणि त्यांना बॉनेट दिसत नाही, हे त्यांनी माझ्याशिवाय कोणाला सांगितलेले नाही. (वकीलसाहेबांनी हे वाक्य गाळावे असे सुचवले. गाळले नाही.) बेकरीवाल्याला आतला आरसा, कारण शिकताना तो रस्त्यापेक्षा त्यातच जास्त बघायचा. औषधवाल्या बाईंना हॉर्न. त्यांचा आवाज कोणी ऐकत नाही. समोरच्या शिंप्याला सीटची कव्हरे, त्यानेच शिवलेली, म्हणजे आखूड शिवल्याचे त्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. गल्लीतल्या बाकीच्यांची यादी सोबत जोडली आहे. कोणालाही वगळलेले नाही.

कलम आठवे. मला शेवटचे न्यायचे असेल तेव्हा ही गाडी सर्वांच्या पुढे चालवावी. सावकाश चालवावी, दुसऱ्या गिअरमध्ये. काटा चढू लागला तर थांबावे, बॉनेट उघडावे, टोपीला हात लावू नये, आणि सावलीत बसून राहावे. मला घाई नसेल.

एवढे लिहून झाले आणि मग मला मृत्युपत्राची मोठी अडचण लक्षात आली. वकीलसाहेबांना विचारले, तर म्हणाले की कोणतेही मृत्युपत्र लिहिणारा गेल्यावरच लागू होते. म्हणजे ही दोघे एकमेकांशी बोलतील तेव्हा ऐकायला मी नसणार. सगळी मेहनत माझी, आणि कार्यक्रम चालू होणार मी बंद पडल्यावर. हे मला मुळीच पटले नाही.

म्हणून मी भाऊजींना चहाला बोलावले आणि पहिले व दुसरे कलम वाचून दाखवले. वर दोनदा बजावले की कोणाला सांगू नका. भाऊजींच्या पोटात आजवर एकही गोष्ट राहिलेली नाही. ते चहा अर्धा टाकून उठले.

यापुढचा मजकूर पुरवणी म्हणून वाचावा.

दुसऱ्याच दिवशी, ना शनिवार ना रविवार, मुलगा फाटकातून आत आला. भाऊजींनी त्याला फक्त एवढेच सांगितले होते की आईने रेडिएटर बहिणीला दिला. तो माझ्याशी भांडायला आला होता. त्याचे पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत मुलगी रिक्षातून उतरली. तिला भाऊजींनी एवढेच सांगितले होते की आईने गाडी भावाला दिली. ती रागात होती, पण रिकाम्या हाताने आली नव्हती. रिक्षातून तिने एक मोठे खोके उतरवले. त्यात नवा रेडिएटर होता.

“आई, तिला सांग, माझ्या बॉनेटला हात लावायचा नाही,” मुलगा म्हणाला.

“आई, त्याला सांग, मी माझा रेडिएटर बदलतेय. त्याचं बॉनेट मधे येतंय त्याला मी काय करू.”

मी उजव्या कानातले यंत्र काढले आणि पदराच्या गाठीत बांधले. दोघांनी ते पाहिले. मग मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून मांजर मांडीवर घेतली. निरोप्या बंद पडल्यावर त्यांना काय करावे ते सुचेना. थोडा वेळ एक गाडीच्या या बाजूला, एक त्या बाजूला, असे उभे राहिले. मग मुलीने पदर खोचून खालची तोटी उघडली, आणि मुलाने न सांगता तिच्याखाली घमेले सरकवले. भरल्यावर त्यावर झाकणही ठेवले.

एक शब्द न बोलता त्यांनी पाइप सोडवले. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवला, म्हणजे काढताना घालताना नाजूक जाळी पंख्याला घासत नाही. हे बापाने शिकवलेले. जुना पितळी रेडिएटर जड आहे, तो एकट्याने उचलत नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरला आणि एकमेकांकडे न बघता बाहेर काढला. नवा आत ठेवला, खालच्या रबरी गाद्या बसल्या की नाही ते मुलीने बोटाने चाचपून पाहिले, बोल्ट मुलाने आवळले. इंजिनात राहिलेला गाळ धुवून निघावा म्हणून आधी नुसते शुद्ध पाणी भरले, ते बॅटरीत घालायचे मिळते तसले. आणि मग हवा काढायची वेळ आली.

मुलगा स्टिअरिंगपाशी बसला. मुलगी तोंडाशी उभी राहिली. मध्ये उघडे बॉनेट. इंजिन सुरू झाले. मी मांजरीला कुरवाळणे थांबवले, कारण ती घुरघुरली की ऐकू येत नाही.

मुलगी पाण्याकडे बघत होती, मुलगा काट्याकडे. मी मनात म्हणत होते, आता बोला रे. मग पाणी एकदम खाली गेले असावे, कारण मुलीने घाईने वरून ओतले आणि पाइपावर हात ठेवला.

“दाब,” ती म्हणाली.

इंजिनाचा आवाज चढला.

“सोड. अरे, सोड म्हटलं ना, उडतंय माझ्या हातावर.”

“सोडलंय गं. काटा अर्ध्याच्या खाली आहे. हीटरमधून गरम हवा येतेय.”

“मग अजून थोडं दाब.”

सहा वर्षांनी माझ्या मुलांनी एकमेकांशी बोललेले शब्द हे असे आहेत. त्यात प्रेमाचा एकही शब्द नाही, हे मला मान्य आहे. मला रडू आले, आणि मांजर वैतागून उतरून गेली.

बुडबुडे थांबले, टोपी लावली, इंजिन बंद केले. आता हे गढूळ पाणी काढून कूलंट भरायचे होते, पण इंजिन गार होईपर्यंत टोपीला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. म्हणून दोघांना पायरीवर बसून वाट बघावी लागली. आधी दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. मी आतून चहाचे तीन कप आणून त्या जागेत ठेवले. कप उचलल्यावर जागा रिकामी राहिली आणि नंतर ती हळूहळू कमी झाली. ते काय बोलले ते मी लिहिणार नाही. माझा डावा कान त्या वेळीही चालू होता, पण काही गोष्टी ऐकूनही ऐकायच्या नसतात.

गार झाल्यावर पाणी काढले. मुलाने आपल्या पिशवीतून कूलंटचा डबा काढून बॉनेटच्या कडेशी ठेवला. मुलीने आपल्या पिशवीतून काढून ठेवला. दोघे डब्यांकडे बघत राहिले. मुलाने लाल आणले होते आणि मुलीने हिरवे.

“तुझं लाल, म्हणून लाल आणलं,” मुलगा म्हणाला.

“मी तुझं हिरवं शोधत चार दुकानं फिरले,” मुलगी म्हणाली.

मग तेच भांडण उलट्या दिशेने सुरू झाले. तुझेच घालू, नको, तुझेच घालू. मला हसू आवरेना. पण दोघेही माझ्याच पोटची आहेत, समजूत घालता घालता अर्धे अर्धे घालून मोकळी होतील, अशी भीती वाटून मी उठले आणि एक डबा घेऊन आत कपाटात कुलूप लावून ठेवला. राहिलेला गाडीत गेला. कोणता गेला ते डिकीतल्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिले आहे, आणि पुढे तोच घालावा.

त्याच संध्याकाळी मी गाडी (कलम सातव्यातला आरसा, हॉर्न आणि सीटची कव्हरे सोडून) आणि तिच्या आतला रेडिएटर दोघांना हातोहात देऊन टाकला. किल्ली एकेकाला एक. सबब कलम पहिले आणि दुसरे रद्द समजावे. त्यांवर एकच रेघ मारावी, वाचता येतील अशी. जुना पितळी रेडिएटर भाऊजींना द्यावा; त्यांचे अंडे अजून त्यात असावे.

आज वकीलसाहेब सह्यांसाठी आले. साक्षीदार म्हणून मी ‘उद्या’ मिस्त्रींना सांगून ठेवले होते, आणि ते चक्क आज आले. पण वकीलसाहेबांनी कागद चाळून सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मिस्त्रींना पाना मिळतो. मग रिव्हर्सकाकांना भिंतीवरून हाक मारली. त्यांना पाटी मिळते. भाऊजींना नरसाळे. बेकरीवाल्याला आरसा. वकीलसाहेब स्वतः उशीवर अडकले. गल्लीत असे एकही दार उरले नाही, जिथे मी काही ना काही ठेवलेले नाही.

वकीलसाहेबांनी कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग मान वर करून म्हणाले, “बाई, आता या मृत्युपत्रातून ज्यांना काहीही मिळत नाही, अशी फक्त दोन माणसं आहेत.”

“असं का,” मी म्हणाले.

“हे तुम्ही आधीपासून ठरवलं होतं?”

“वकीलसाहेब, समोर बघून चालवा.”

मुलगा आणि मुलगी दोघेही आत होते, टेबलाशी. आज वार कोणता ते मी बघितलेले नाही. वकीलसाहेबांनी त्यांना बाहेर बोलावून कागद गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि आईची सही झाली की खाली तुम्ही करायच्या, असे समजावले. मुलाने पेन बहिणीपुढे धरले. तिने ते घेतले नाही.

“आधी तू कर, दादा,” ती म्हणाली. “तुझी एक सही राहिलीय माझ्याकडे.”

तो पेन हातात धरून उभा आहे. म्हणून मी हे आवरते घेते आणि सही करते.

ठिकाण: आमचे अंगण, गाडीचे बॉनेट (गार झालेले).

दिनांक: नवा रेडिएटर बसला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, आकडे वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहेत.

लिहून ठेवणार: आई. (सही)

वरील सही आईने आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर आणि हसत असताना केली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळत नाही. आम्ही दोघांनी तिच्या समक्ष आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या आहेत.

साक्षीदार पहिला: मुलगा. (सही)

साक्षीदार दुसरी: त्याची बहीण. (सही)